सोलापुरात स्टीमपंक संगणक बांधायचा तर: तांब्याच्या नळ्या, पितळी पत्रा आणि पाण्याचं कूलिंग

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या कारागिरानं आजचं यंत्र बनवलं असतं तर ते कसं दिसलं असतं, या नजरेनं घडवलेली वस्तू. पितळ, तांबं, रिव्हेट, जुनं लाकूड, काट्याची डायल. असे कॅबिनेट पाहिले की वाटतं, हा विलायती शौक आहे, आपल्याकडे याचं काय? मला तसं अजिबात वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात १८९७ साली एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी गेजची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. आता ती ब्रॉडगेज झाली, पण तिची छोटी इंजिनं पाहिलेली माणसं कुर्डुवाडी-बार्शीकडे अजून भेटतात. खुद्द शहरात १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या वाफेवर चालल्या. आणि ज्या घरात तांब्याचा बंब होता, त्या घरानं नळी, धुराडं, तोटी आणि रिव्हेट यांची सगळी भाषा रोज सकाळी पाहिलेली आहे. नमुना शोधायला लांब जायची गरज नाही.

माझा आग्रह एकच आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: जे दिसतं ते कामाचं असावं. कॅबिनेटवर नुसती चक्रं चिकटवायची नाहीत. तांब्याची नळी दिसत असेल तर तिच्यातून खरंच पाणी वाहिलं पाहिजे, आणि डायलचा काटा फिरत असेल तर त्यानं खरं तापमान दाखवलं पाहिजे. पाण्याच्या कूलिंगमध्ये पंप टाकीतलं पाणी प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पोकळ ठोकळ्यातून, म्हणजे ब्लॉकमधून, आणि पंखे लावलेल्या रेडिएटरमधून फिरवत राहतो; ब्लॉकमध्ये पाणी उष्णता घेतं, रेडिएटर ती हवेत सोडतो. त्यामुळे हे जमतं, म्हणून या शैलीला वॉटर कूलिंगच शोभतं.

आधी उन्हाळ्याचा हिशोब

कुठलाही पत्रा कापण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. थंड देशांतल्या व्हिडिओत खोली २० अंशांवर असते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३७-३८ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

ढोबळ हिशोब असा: रेडिएटरच्या प्रत्येक १२० मिमी पंख्यामागे साधारण १०० वॉट उष्णता सोडली, तर मध्यम वेगाच्या पंख्यावर पाणी हवेपेक्षा सुमारे १० अंश गरम राहतं. म्हणजे ३८ अंशांच्या खोलीत ४८ अंशांचं पाणी. प्रोसेसरची चिप त्याच्याही वर असते. पंप बहुधा ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, आणि पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्याही त्याच सुमारास नरम पडायला लागतात. आपल्या उन्हाळ्यात तांब्याच्या नळीला हा आणखी एक मान आहे.

म्हणून पहिल्या वेळी फक्त प्रोसेसर पाण्यावर घ्या, ग्राफिक्स कार्ड त्याच्या स्वतःच्या पंख्यांवर राहू द्या. आणि जिथे लोक २४० मिमीचा रेडिएटर पुरे म्हणतात तिथे तुम्ही ३६० मिमीचा घ्या. १५० वॉटचा प्रोसेसर त्यावर हवेपेक्षा पाच-सहा अंशांत निभावतो. ग्राफिक्स कार्डही पाण्यावर घ्यायचंच असेल तर दुसरा रेडिएटर ठेवायची जागा आराखड्यातच सोडा.

नवख्यांचा एक प्रश्न हमखास असतो: पाणी आधी रेडिएटरमध्ये न्यायचं की प्रोसेसरकडे? याची चिंता सोडा. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात ३०० वॉट उष्णता जात असेल, तर संपूर्ण फेरीत पाण्याच्या तापमानात फरक पडतो जेमतेम १ अंशाचा. नळ्या जिथून सुंदर दिसतील तिथून फिरवा. क्रमाचा एकच नियम पाळा: टाकी पंपाच्या वर आणि लगेच आधी हवी, म्हणजे पंपाला सतत पाणी मिळेल.

आराखडा आणि सांगाडा

मदरबोर्ड ठरलेल्या मापांत येतो: एटीएक्स ३०५ × २४४ मिमी असतो, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० × १७०. पहिल्या कामाला मायक्रो एटीएक्स घ्या. नळ्या वळवायला जागा उरते आणि कॅबिनेट कपाटाएवढं होत नाही.

मदरबोर्ड बसवायची ट्रे स्वतः बनवू नका. भंगारात कुठलंही जुनं पोलादी कॅबिनेट मिळतं. त्याची ट्रे आणि मागची चौकट, म्हणजे कार्डं जिथे स्क्रूनं बसतात तो भाग, ग्राइंडरनं अखंड कापून घ्या. भोकांची मापं, उंचवटे, मागच्या पोर्टची खिडकी सगळं बिनचूक मिळतं आणि पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. त्याभोवती आपलं घर उभारायचं.

बाहेरच्या घराला सागवान घ्या. जुने वाडे, जुनी घरं पाडली की दारं-खिडक्यांचं सागवान विकायला येतं. ते वर्षानुवर्षं सुकलेलं असल्यामुळे आपल्या कोरड्या हवेत फारसं तडकत नाही, नवं लाकूड तडकतं. घेताना खिळ्यांची भोकं आणि वाळवी तेवढी पाहून घ्या. आतल्या बाजूला १२ मिमी प्लायवूड चालतं.

पितळी पत्रा १ मिमीच्या वर नको. एक चौरस फुटाचा १ मिमी पत्रा सुमारे ८०० ग्रॅम भरतो. चारही बाजू पितळेत मढवायच्या म्हटलं तर वजन कुठल्या कुठे जातं. पितळ कडांना, कोपऱ्यांना, डायलच्या पाटीला आणि पुढच्या दाराला वापरा, बाकी लाकूड दिसू द्या. डोळ्यालाही तेच बरं वाटतं.

कापाकापीआधी पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं कॅबिनेट करून पाहा. रेडिएटर, पंखे, पॉवर सप्लाय (एटीएक्स पॉवर सप्लायचं तोंड १५० × ८६ मिमी, खोली १४० किंवा जास्त), पंप आणि टाकी यांचे पुठ्ठ्याचे ठोकळे आत ठेवा. हात आत जाऊन फिटिंग आवळता येतं का, हे याच वेळी कळतं. रेडिएटरवर नक्षीच्या बारीक भोकांचा पितळी पत्रा लावायचा मोह होईल. लावू नका, त्यानं हवा कोंडते. मोठ्या खिडक्यांची जाळी करा आणि आत धुळीसाठी मच्छरदाणीच्या कापडाची काढता येणारी चौकट बसवा.

यंत्रमागाचा माल

सोलापूरकरांचा खरा फायदा इथे आहे. पूर्व भागात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत जुने शटलचे माग निघतात, नवे येतात, आणि जुन्यांचे सुटे भाग भंगारात किलोवर जातात. धोटा, म्हणजे मागात आडवं सूत इकडून तिकडे नेणारं शटल, हा त्यातला दागिना आहे: घट्ट लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोकं, वर्षानुवर्षं हातानं आणि सुतानं घासून आलेली चकाकी. पुढच्या दाराची मूठ म्हणून धोट्याइतकं देखणं दुसरं काही मला सुचत नाही. लाकडी कांड्यांवर आतल्या वायरी गुंडाळून ठेवता येतात. मागाची बिडाची चक्रं मात्र फार जड असतात आणि गंजतात. एखादं तळाला पाय म्हणून घ्या, रंगवून, पाण्यापासून लांब.

घरातला बंब मात्र कापू नका. त्याचा घाट, झाकणाची गोलाई, धुराड्याची कड यांचे फोटो घ्या, मापं घ्या आणि पत्रा वळवणाऱ्या कारागिराला दाखवा.

कोणता धातू कोणाबरोबर

पाण्याच्या वाटेत तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढंच चालेल. ॲल्युमिनियम चालणार नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. आधी पाणी गढूळ होतं, मग बारीक चरांत चिखल अडकतो, शेवटी भोक पडतं. स्वस्तातले रेडिएटर आणि बंद प्रकारचे तयार कूलर यांत बऱ्याचदा ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे जुन्या कूलरचा रेडिएटर काढून इथे जोडू नका. विकत घेताना तांब्या-पितळेचा आहे असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली जीआय निपलही नको, तिच्यावर जस्त असतं. क्रोमचा मुलामा दिलेली पितळी निपल चालते.

पंप, प्रोसेसरचा ब्लॉक, रेडिएटर आणि जोडाची फिटिंग नवी घ्या. यात काटकसर नको. सोलापुरात ही बहुतेक ऑनलाइनच मागवावी लागतात. ब्लॉक घेताना तो तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या बैठकीचा, आहे ना, एवढं तपासा.

नळ्या: सगळ्यात सावकाश करायचं काम

इथे मापाचा एक सापळा आहे. एसीवाल्याकडे मिळणारी अर्ध्या इंचाची, म्हणजे चार सुताची तांब्याची नळी बाहेरून १२.७ मिमी असते. संगणकाची फिटिंग १२, १४ किंवा १६ मिमीची असतात. ही नळी १२ च्या फिटिंगमध्ये जात नाही, १४ च्यात सैल बसते. पाच सुताची नळी १५.८८ मिमी, म्हणजे १६ च्या फिटिंगमध्ये वरवर बसल्यासारखी वाटते, पण मी त्या फटीवर मदरबोर्ड सोपवणार नाही. व्हर्निअर हातात घेऊनच दुकानात जा.

दोन मार्ग आहेत. एक, संगणकासाठीच बनवलेली १४ किंवा १६ मिमीची धातूची नळी मागवायची. महाग पडते, पण सरळ काम. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात आपल्या शहरातला कारागीर येतो. चार सुताची नळी घ्यायची आणि तिच्या प्रत्येक टोकाला लेथवर केलेलं पितळी बुश, म्हणजे छोटी बाही, झाळायचं (सोल्डर करायचं): बाहेरून १६ मिमी, आतून १२.८ मिमी, लांबी २० मिमी. आत राहिलेली ती ०.१ मिमीची फट मुद्दाम ठेवलेली असते. झाळ तिच्यात आपोआप ओढली जाते.

लेथवाल्या अण्णांना काम सांगताना तीन गोष्टी सांगा. बुशच्या बाहेरच्या अंगावर हत्याराची रेघ राहता कामा नये, बारीक पॉलिश पेपर मारून द्या, कारण तिथे ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बसते. कड मारून द्या, धारदार कड रिंग कापते. आणि जिथे आटे पाडायचे असतील तिथे सांगा, "अण्णा, पाव इंची बीएसपी, पॅरलल. टेपर नको." संगणकाच्या फिटिंगवर जी १/४ लिहिलेलं असतं ते हेच: इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१६ मिमी, आटे पाडण्याआधीचं भोक ११.८ मिमी. नळकामात टेपर आट्यांची सवय असते. टेपर आटा ॲक्रिलिकच्या पंपाला किंवा टाकीला आवळला की तडा जातो. पॅरलल आट्यावर पाणी अडवते ती ओ-रिंग, आटा नाही. म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका आणि पान्यानं आवळू नका. हातानं घट्ट बसलं की झालं.

वळणासाठी आधी जाड तार घ्या. एका फिटिंगपासून दुसऱ्यापर्यंत तार हातानं वाकवून हवा तसा मार्ग काढा, मग ती तार टेबलावर ठेवून तिच्या बरोबरीनं नळी वाकवा. गुंडाळीतली एसीची नळी नरम असते, लिव्हरच्या बेंडरमध्ये छान वळते. चार सुताच्या बेंडरचं वळण साधारण ३८ मिमी त्रिज्येचं येतं, म्हणून फिटिंगला लागून लगेच वळण मिळणार नाही हे आराखड्यात धरा. सरळ कडक नळी असेल तर वळणाचा भाग मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, ती नरम होते. बेंडर नसेल तर कोरडी बारीक वाळू ठासून भरून, दोन्ही टोकं बंद करून वाकवा, नळी चेपत नाही. टेबलावर जुनी सोलापुरी चादर दुहेरी अंथरा. नरम तांब्याला साध्या टेबलावरही पोचे पडतात आणि पॉलिश केल्यावर ते सगळे दिसतात.

झाळकामाला एसी मिस्त्रीचं ब्रेझिंग लागत नाही. त्याला सुमारे ७०० अंश लागतात, नळी ढिली पडते आणि आत काळी खपली धरते. कथिल-तांब्याची शिसेमुक्त झाळ २२७ अंशांना वितळते, ती पुरे. नळीचं टोक आणि बुश आतून-बाहेरून पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, फ्लक्स (झाळ धातूला धरावी म्हणून लावायची पेस्ट) लावा, बुशला आच द्या आणि झाळेची तार सांध्याला टेकवा. आच सांध्याला द्यायची, तारेला नाही. तापमान बरोबर असेल तर झाळ एका क्षणात फटीत शिरते आणि सांध्याभोवती चंदेरी गोल रेघ दिसते. ती रेघ कुठे तुटलेली असेल तर तिथे पुन्हा फ्लक्स आणि पुन्हा आच. हे सगळं संगणकापासून लांब, मोकळ्या हवेत, चष्मा लावून, फिटिंग आणि ओ-रिंगा काढून ठेवून.

फ्लक्स कुठलाही असो, तो आत राहिला तर तांबं हिरवं करतो. एक लिटर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून नळ्या अर्धा तास बुडवून ठेवा, ब्रशनं आतून घासा, साध्या पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. हे लिंबूसत्वाचं पाणी फक्त नळ्यांना, निकेलच्या ब्लॉकला नाही. नवा रेडिएटरही आतून स्वच्छ नसतो, त्यात कारखान्यातला फ्लक्स असतो. गरम डिस्टिल्ड पाणी भरून, हलवून, ओतून, पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत करा.

बाहेरची चमक पितांबरीनं काढा, पण टोकं बंद करून. नंतर हात न लावता क्लिअर लॅकरचे दोन पातळ हात द्या, नाहीतर घामाचे ठसे उमटतात. बुशवर, जिथे रिंग बसते तिथे लॅकर नको. तांबं आपसूक काळवंडू द्यायचं असेल तर लॅकर लावूच नका. माझा कल तिकडेच आहे.

टाकी आणि काचेची नळी

बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची उभी नळी असते. बॉयलर चालवणाऱ्याची नजर सतत तिच्यावर असते, कारण पाणी कमी झालं की धोका. आपल्या टाकीचं कामही नेमकं तेच आहे, म्हणून टाकी तशीच करा. प्रयोगशाळेच्या काचसामानात मिळणारी ५०-६० मिमी व्यासाची बोरोसिलिकेट नळी, वर-खाली लेथवर केलेली पितळी टोपणं, आणि टोपणांना बांधून ठेवणाऱ्या चार एमएमच्या तीन पितळी सळया. टोपणात ओ-रिंगची खाच हवी. अडीच मिमी जाडीच्या रिंगेला खाच १.९ मिमी खोल ठेवली की रिंग पाव हिस्सा दबते आणि तेवढं पुरतं. सळया आळीपाळीनं, थोड्या थोड्या आवळा.

सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाव इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह ठेवा. पाणी बदलताना त्याचं मोल कळतं. त्याला बंबाच्या तोटीसारखी मूठ लावता येते, ही माझी आवडती जागा.

कुठलं पाणी?

नळाचं नाही, बोअरचं नाही, आरओचंही नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच थर प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये चढेल, आणि तिथले चर मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. एसीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात धूळ आणि जंतू असतात.

डिस्टिल्ड पाणी घ्या. बॅटरीच्या दुकानात मिळणारं पाणी चालतं, पण घेताना "बॅटरीत टाकायचं पाणी" असं सांगा आणि लेबल वाचा. तिथेच ॲसिडही विकतात आणि कॅन सारखेच दिसतात. स्वस्तातलं टीडीएस मीटर बुडवून पाहा, आकडा शून्याच्या आसपास हवा. फेरीत साधारण एक लिटर मावतं, पण धुण्यासकट पाच लिटर आणा.

नुसतं डिस्टिल्ड पाणीही काही महिन्यांनी शेवाळ धरतं. संगणकासाठी मिळणारं, गंज आणि शेवाळ दोन्ही रोखणारं पारदर्शक द्रावण सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. रंगीत, दुधाळ द्रावणं टाळा, त्यातले कण ब्लॉकमध्ये बसतात. गाडीचा कूलंटही नको: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, लहान मुलांच्या घरात तर मुळीच नको.

काटे खरे हलले पाहिजेत

दाबाचा गेज लावायची सगळ्यांना हौस असते. भंगारात मिळतो तो ० ते १० किलोचा (चौरस सेंटिमीटरला इतके किलो). संगणकाच्या कूलिंगसाठी मिळणाऱ्या डी-५ सारखा चांगला पंपही जास्तीत जास्त चारेक मीटर उंच पाणी चढवतो, म्हणजे दाब ०.४ किलोच्या आत. दहाच्या डायलवर काटा जागचा हलणार नाही. ० ते १ किलोचा गेज आणा, पंपाच्या पुढे टी टाकून बसवा. पंप चालू असला की काटा उचलतो, बंद पडला की खाली बसतो. ही एका नजरेत मिळणारी खरी माहिती आहे, आणि हाच गेज पुढे गळती तपासायलाही उपयोगी पडतो.

तापमानासाठी जुन्या पॅनलवरचा काट्याचा ० ते ५ व्होल्टचा मीटर घ्या. पाव इंची प्लगमध्ये बसवलेला १० किलो-ओहमचा सेन्सर मिळतो, तो फेरीत लावा. त्याला दुसऱ्या १० किलो-ओहमच्या रेझिस्टरसोबत जोडून आर्दुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडे न्या, आणि नॅनोच्या पीडब्ल्यूएम पिनवरून (जिचा सरासरी व्होल्टेज प्रोग्रॅमनं कमी-जास्त करता येतो) मीटरला. शून्य व्होल्ट म्हणजे २० अंश, पाच व्होल्ट म्हणजे ६० अंश असा प्रोग्रॅम करा. मीटरची काच काढून जुन्या पट्टीवर नवी पट्टी छापून चिकटवा, मराठी आकड्यांची. ५० च्या पुढे लाल रेघ ओढा.

अर्थिंग विसरू नका

पोलादी कॅबिनेट आपोआप अर्थ होतं, लाकडी होत नाही. पॉवर सप्लायच्या बॉडीच्या स्क्रूपासून हिरवी वायर काढून मदरबोर्डची ट्रे आणि हात लागेल असा प्रत्येक पितळी भाग तिला जोडा. मल्टिमीटरनं प्लगच्या जाड पिनेपासून प्रत्येक भागापर्यंत तपासा, एक ओहमच्या आत यायला हवं. लॅकर लावलेल्या जागी स्क्रूखालचा थर खरवडा. आणि ज्या सॉकेटला लावणार त्याला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतंच असतं.

पंपाची वीज थेट पॉवर सप्लायवरून घ्या. मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनेवरून बहुधा १ अँपिअर, म्हणजे १२ वॉटच मिळतात. डी-५ पूर्ण वेगात त्याच्या दुप्पट घेऊ शकतो. वेग कळवणारी वायर मात्र प्रोसेसरच्या फॅन पिनेला लावा, म्हणजे पंप थांबला तर संगणक ओरडतो.

गळती

आधी हवा. मोकळ्या तोंडाला हातपंपाचा व्हॉल्व्ह जोडून गेजवर ०.५ किलोपर्यंत हवा भरा, व्हॉल्व्ह बंद करा, अर्धा तास काटा पाहा. जागचा हलला नाही तर पुढे जा. उतरला तर साबणाचा फेस लावून सांधा शोधा. काचेची टाकी आहे, डोळ्याला चष्मा हवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका.

मग पाणी. पॉवर सप्लायला फक्त पंप जोडा. मदरबोर्ड, कार्ड, डिस्क सगळ्यांच्या केबल काढलेल्या हव्यात. २४ पिनांच्या कनेक्टरवरच्या १६ आणि १७ क्रमांकाच्या पिना जोडल्या की पॉवर सप्लाय एकटा चालू होतो. त्यासाठी तयार जंपर मिळतो, तोच वापरा. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा. टाकी भरा, पंप काही सेकंद चालवा, पाणी ओढलं गेलं की बंद, पुन्हा भरा. डी-५ चे आतले भाग पाण्यावरच वंगण घेतात, कोरडा चालवला तर खराब होतो. हवा अडकली की खळखळ ऐकू येते, मग कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना कलवा. आवाज मिटला की २४ तास चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टिश्यू कोरडा निघाला, तरच बाकीच्या केबल जोडायच्या.

रोजचं आणि वर्षाचं

पूर्व भागात, मागाच्या आसपास राहत असाल तर हवेतली कापसाची तूस रेडिएटरच्या पात्यांत गादीसारखी बसते. जाळीची चौकट दर आठवड्याला झटका. घरात डेझर्ट कूलर असेल तर त्याच्या थेट झोतात कॅबिनेट नको. पाणी खोलीपेक्षा गरम असल्यानं नळ्यांवर दव धरत नाही, पण कूलरच्या तुषारांतले क्षार पितळेवर पांढरे ठिपके सोडतात.

पाणी वर्षातून एकदा बदला, आणि ते होळीच्या सुमारास, उन्हाळा चढण्याआधी. तोटीखाली भांडं ठेवा, टाकीचं वरचं टोपण सैल करा, सगळं पाणी काढा आणि ते पांढऱ्या वाटीत धरून पाहा. स्वच्छ असेल तर डिस्टिल्ड पाण्यानं एकदा खळबळून नवं भरा. हिरवट झाक असेल तर कुठेतरी फ्लक्स राहिला आहे, नळ्या उतरवून लिंबूसत्वात पुन्हा धुवाव्या लागतील. करडा गाळ दिसला तर ब्लॉक उघडून त्याचे चर जुन्या टूथब्रशनं साफ करा आणि फेरीत ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा एखादा तुकडा शिरला आहे का, ते एकेक फिटिंग काढून बघा.